लोअर बर्थ मी सोडली नाही

रत्नागिरीचं तिकीट मी जानेवारीत काढलं ते निव्वळ कंटाळा आला म्हणून. शाळेच्या ऑफिसात तीन आठवडे फॉर्म तपासून डोळ्यांचं पार भजं झालं होतं, शनिवार-रविवारला जोडून दोन रजा शिल्लक होत्या आणि समुद्र बघून वर्ष होत आलं होतं. ठाण्याहून रात्रीची गाडी, स्लीपर, लोअर बर्थ, भाडं तीनशेच्या आसपास. इथवर सगळं नेहमीचं.

लोअर बर्थचा माझा हट्ट जुन्या वाचकांना ठाऊक आहे. एकटी बाई गाडीत चढली रे चढली की प्रश्न येतो, "तुम्ही एकट्याच ना?" म्हणजे तुमची सीट आमचीच! कुणाचं बाळ लहान, कुणाची कंबर धरलेली, कुणाचं नुकतंच लग्न झालेलं. एकदा भिडेखातर उठले आणि अख्खी रात्र संडासाच्या दाराशी वरच्या बर्थवर काढली. तेव्हापासून नियम केला: लवकर बुकिंग करा, लोअर मागा, आणि मिळाली की देव आला तरी हलू नका. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी तो नियम उचलला, मला तसं कळवलंही. मला त्याचा केवढा अभिमान होता.

त्या रात्री डब्यात शिरले तर समोरच्या लोअरवर एक म्हाताऱ्या काकी बसलेल्या. पांढरं पातळ, मांडीवर निळी कापडी पिशवी. शेजारी त्यांचा मुलगा, पन्नाशीचा, दमलेला माणूस. मी चादर पसरतेय तोच तो म्हणाला, "ताई, तुम्ही एकट्याच आहात का?"

झालं! माझं डोकं तिथंच फिरलं.

"आईचं तिकीट ज्येष्ठांच्या कोट्यातून वेगळं काढलं, लोअर मिळावी म्हणून. माझं मग एस-आठला आलं, वरची बर्थ. तुम्ही तिकडे गेलात तर बरं होईल. हिला हल्ली विसरायला होतं. माझ्या बहिणीकडे रत्नागिरीला पोचवायला चाललोय."

मी नाही म्हटलं. गोड बोलून नाही, चांगलं तोडून. गाडीत प्रत्येकाचीच आई आजारी असते, असंही काहीतरी पुटपुटले. त्यानं वाद घातला नाही. मधल्या आणि वरच्या बर्थवर कॉलेजची पोरं होती, कानात वायर घालून केव्हाच झोपलेली. साइड लोअरवर माकडटोपीतले एक गृहस्थ कूस बदलत होते. मुलगा आईच्या पायाशी खालीच बसला. त्याचे गुडघे माझ्या बर्थला लागत होते, मला पाय पसरता येईनात. पनवेल गेल्यावर मी म्हटलं, "अहो, तुम्ही जा, झोपा जरा. मी आहे ना. बघते मी त्यांच्याकडे."

हे मी काकींच्या काळजीपोटी म्हटलं नव्हतं. मला आडवं व्हायचं होतं.

तो बिचारा दहादा थँक्यू म्हणाला. माझ्या फोनवर स्वतःचा नंबर टाकून दिला, "उठली तर फक्त मिसकॉल द्या," म्हणाला आणि गेला.

दिवे मालवल्यावर काकी हळूच म्हणाल्या, "बाय, चिपळूण आलं की उठव हां गो मला."

"काकी, तुम्हाला रत्नागिरीला उतरायचंय."

"छे गो. अलोऱ्याला जायचंय, कॉलनीत. हे वाट बघत असतील ना."

मी बरं बरं म्हणून तोंडावर शाल ओढली.

पहाटे चारच्या सुमाराला गाडी थांबली. खिडकीच्या फटीतून गार वारा येत होता. काकी उभ्या होत्या, पायात चपला, डोक्यावरून पदर. माझी ट्रॉलीबॅग मध्ये आडवी पडली होती. मी हात लांब करून ती ओढून घेतली, त्यांना वाट करून दिली. संडासाला चालल्या असतील, म्हटलं. पण त्यांच्या हातात ती पिशवी होती. मी पाहिली. कोण संडासाला पिशवी घेऊन जातं? फोन माझ्या उशाशीच होता. एक मिसकॉल द्यायचा होता. येतील आता, येतील आता असं म्हणत मी डोळे मिटले, कारण अंथरूण ऊबदार होतं. दुसरं काही कारण नाही.

रत्नागिरी यायच्या आधी दहा मिनिटं मुलगा आला. रिकामी बर्थ बघून आधी तो हसलाच. "आत गेलीय का?"

"मला झोप लागली होती हो," मी म्हणाले. "केव्हा उठल्या कळलंच नाही." चिपळूणचं नाव मात्र मी घेतलं. "रात्री चिपळूण-अलोरे असं काहीतरी म्हणत होत्या," एवढं सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. वडील अलोऱ्याच्या प्रकल्पावर नोकरीला होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, हे त्यानं फलाटावर स्टेशन मास्तरांना सांगितलं तेव्हा मला कळलं. तो एका हातानं फोन लावत होता आणि दुसऱ्या हातानं डोकं धरून उभा होता. मी थोडा वेळ थांबले. मग तोच म्हणाला, "तुम्ही निघा ताई, उगाच तुमचा खोळंबा." आणि मी निघाले! आजही लाज वाटते.

स्टेशन गावापासून लांब आहे. पहाटे रिक्षावाले आपलाच भाव सांगतात, उजाडेपर्यंत थांबलात तर एसटी मिळते. माझ्या रिक्षावाल्यानं आरशातून पाहत विचारलं, "एकट्याच आलात? फिरायला?" मी हो म्हटलं. पुढे तो मासळी कशी महागली ते सांगत होता, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मांडवीजवळची घरगुती खोली स्वच्छ, गरम पाणी भरपूर. मालकीणबाईंनी घावनं आणि ओल्या खोबऱ्याची चटणी पुढ्यात ठेवली. उत्तम होती म्हणतात. मी एक घावन खाल्लं आणि दर पाच मिनिटांनी फोन उचलून बघत बसले.

खोलीत बसवेना म्हणून दुपारी रत्नदुर्गावर गेले. उन्हात चढ दमवतो, पाणी सोबत न्या. वरून तिन्ही बाजूंनी समुद्र दिसतो. त्याच्याकडे पाठ करून मी एकदाचा काकींच्या मुलाला फोन लावला.

"सापडली ताई," तो म्हणाला. "अलोऱ्यालाच."

चिपळूण स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला तिनं कॉलनीचा रस्ता, क्वार्टरचा नंबर, सगळं बिनचूक सांगितलं होतं. त्याला संशय यायचं कारणच नव्हतं. क्वार्टरला कित्येक वर्षांचं कुलूप. तिथल्या पायरीवर ती दहा वाजेपर्यंत बसून होती. उजवा हात मनगटात मोडलेला. कुठं पडली, केव्हा पडली, तिला सांगता येत नव्हतं.

मी तिथंच दगडावर बसून रडले. एक कुटुंब फोटो काढत होतं, त्यांनी शहाण्यासारखं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे गणपतीपुळ्याला गेले. आरेवारेच्या रस्त्यानं जा, समुद्र सोबत राहतो, आणि सकाळी लवकर गेलात तर दर्शनाला रांग नसते. हात जोडले खरे, पण माफी मागायची ती इथं कशाला, ज्यांची मागायची ते रत्नागिरीतच होते. त्याच्या बहिणीचं घर शोधायचं ठरवून संध्याकाळी रत्नागिरीत परतले, सफरचंदं घेतली, आणि ती मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ठाण्याला आले. बसून यायची गाडी होती. खिडकी मिळाली.

घरी येऊन तीन आठवडे झाले. फोटो नीट आले आहेत, पण ते टाकावेसे वाटले नाहीत. सीट सोडावी की नाही, असं तुम्ही विचारता. खरं सांगू, ती न सोडल्याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. पैसे भरले होते, हक्क होता. पण "मी आहे ना" म्हणायला मला कुणी सांगितलं होतं? तो तिथंच पायाशी बसून राहिला असता.

काल रविवारी सकाळी धीर करून त्याला फोन केला. काकी कशा आहेत विचारलं. प्लास्टर अजून आहे, रात्री उठून दाराची कडी शोधतात, बहीण दाराला आडवी झोपते, म्हणाला. मग मी सगळं सांगितलं. जागी होते, पिशवी पाहिली होती, बॅग ओढून वाट करून दिली होती.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "साइडवरच्या त्या गृहस्थांनी फलाटावरच सांगितलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलणार ताई? तुम्ही परक्या. मी पोटचा मुलगा, आणि मीही वर जाऊन झोपलोच की."

मी नुसतं सॉरी सॉरी म्हणत राहिले.

"फोन केलात, बरं केलंत," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पण आता परत नका करू."