साडूंची पाठ आणि पुढचं मशीन

भविष्यावर आमच्या थोरल्या साडूंइतका विश्वास ज्योतिष्यांचाही नसेल. ते उदगीरचे. उदगीर जिल्हा होणार, या एका बातमीवर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. घराला रंग द्यायचा नाही, कारण जिल्हा झाला की रस्ता रुंद होऊन ओसरी जाणार! पाठीचं ऑपरेशन होऊनही कळ कायमची मुक्कामाला राहिली, तेव्हा तीही त्यांनी जिल्ह्याच्या खात्यावर टाकली. हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, मणक्याजवळ बारीक तार घालू, कातडीखाली बॅटरी ठेवू, हलक्या करंटनं कळ दबेल. साडूंनी विचारलं, "चार्जिंग करावं लागतंय का? मग न्हाई जमत. पुढं आपोआप कमीजास्त होणारं मशीन येऊ लागलंय. जिल्हा झाला की ते आपल्या सिव्हिलातच बसवतील." डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

वाट बघायची तीही बाजेवर पडून. त्या वर्षी गावात दुष्काळ होता. पाण्याचा टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची आणि साडूमहाराज पडल्या पडल्या पाणीवाटपाचं धोरण जाहीर करायचे. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, एकदा रांगेतून धापा टाकत आली, तर म्हणाले, "पुढं नळाला चोवीस तास पाणी येणार हाय." अक्का म्हणाली, "तवर मी ऱ्हाते का बघा." त्या दिवशी मला साडूंचा मनापासून राग आला.

शेवटी अक्कानं जेवण सोडलं, तेव्हा स्वारी डॉक्टरांच्या त्या तारेच्या आठवडाभराच्या चाचणीला कबूल झाली. तार आत, बॅटरी बाहेर कमरेला. आणि काय सांगू, कळ खरंच दबली! वजन उचलायला मनाई होती, म्हणून टँकरच्या रांगेत अक्काच्या जागी नुसते उभे राहिले. टँकरवाल्याला गाडी कशी लावावी हे शिकवलं ते वेगळंच. घागर शेजाऱ्यांनी आत आणून दिली. अक्का मात्र भर दुपारी घरात सावलीला बसली होती. कितीतरी दिवसांनी ती मला हसताना दिसली.

आठवडा संपला, ठरल्याप्रमाणे चाचणीची तार काढली आणि कळ परत आली. कायमची बसवायची की नाही, ते आता साडूंनी ठरवायचं होतं. मी भेटायला गेलो तर साडू पुन्हा बाजेवर. मला चेष्टेची हुक्की आली. म्हटलं, "काय साडूभाऊ, पुढच्या मशीनची काय खबर?"

ते दाराबाहेर बघत होते. रांगेत अक्का पदर डोक्यावर ओढून उभी होती.

"खड्ड्यात गेलं पुढचं," ते हळूच म्हणाले. "डॉक्टरला फोन लावा. आज जे हाय ते बसवा म्हणावं. ती उन्हात उभी हाय."