मेनूथमधला चिनीचा वर्ग

आम्ही आयर्लंडमधल्या मेनूथला राहायला आलो तेव्हा मुलगी पहिलीत होती. मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, नवरा जवळच्या नास गावातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, आणि शनिवारी सकाळी दोघांपैकी एक जण हमखास ड्यूटीवर. मुलीला कुठेतरी गुंतवायचं म्हणून चर्चमागच्या कम्युनिटी हॉलमध्ये चौकशी केली. आयरिश डान्सचा वर्ग भरलेला होता. चिनी भाषेच्या वर्गात कुणीतरी गाव सोडून गेल्यामुळे एक जागा होती. ती आम्ही घेतली.

त्या दिवसांत मुलाला चिनी शिकवणं हे शहाण्या आईबापांचं लक्षण होतं. पुढे सगळा धंदा तिकडेच आहे, पोरांना लवकर शिकवलेलं बरं, असं सगळे म्हणायचे. शिकवणारी बाई पन्नाशीच्या आतली, बारीक, ताठ मानेची. नवरा विद्यापीठात संशोधनाला आला म्हणून त्याच्याबरोबर आली. तो परत गेला, ही राहिली. याहून जास्त तिने कधी सांगितलं नाही. मुलं तिला लाओशी म्हणत, म्हणजे आपल्याकडे शाळेत म्हणतात तसं बाई. मीही तेच म्हणायला लागले.

हॉलच्या कमिटीच्या अध्यक्षबाई आमच्याच रस्त्यावर राहायच्या. रिटायर झालेल्या प्राथमिक शिक्षिका, मोठा आवाज, गावातल्या प्रत्येकाची खबर. लाओशीला ‘आमची’ म्हणायच्या. सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीत आमचा चिनी वर्ग लाल कागदाचा ड्रॅगन घेऊन चालला तेव्हा अध्यक्षबाई लाओशीच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यात पुढे होत्या. स्थानिक पेपरात तो फोटो आला होता.

मग चीनमधून त्या आजाराच्या बातम्या यायला लागल्या. आयर्लंडमध्ये अजून एकही माणूस आजारी नव्हता, पण वर्गातली मुलं कमी व्हायला लागली. एका आईने लाओशीला विचारलं की तू घरी शेवटची कधी गेली होतीस. कित्येक वर्षांत गेले नाही, असं लाओशी म्हणाली. त्या आईने मान डोलावली आणि पुढच्या शनिवारपासून मुलीला पाठवायची बंद झाली.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी मुलीला सोडायला गेले तर अध्यक्षबाई हॉलच्या दारात उभ्या होत्या. लाओशी पायरीवर, हातात खडूंचा डबा. काही दिवस वर्ग नको, असं त्या तिला सांगत होत्या. शेजारच्या खोलीत डान्सची मुलं येतात, त्यांच्या आयांच्या तक्रारी आहेत. लाओशीने तिच्या नेहमीच्या हळू इंग्रजीत सांगितलं की मी या गावातून डब्लिनलासुद्धा गेलेली नाही.

“ते मला माहीत आहे गं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पण लोकांना दिसतं ते दिसतं.”

हे त्या इतक्या प्रेमाने म्हणाल्या की लाओशीने ‘थँक यू’ म्हटलं. माझ्या मुलीने विचारलं, काय दिसतं?

त्या वसंतात आमच्या रस्त्यावर एकाच वेळी दोन गोष्टी चालू होत्या. संध्याकाळी लोक दारात उभे राहून माझ्या नवऱ्यासाठी टाळ्या वाजवायचे. तो गाडीतून उतरला की शरमून मान खाली घालून घरात पळायचा. आणि त्याच रस्त्यावरून लाओशी दुकानात निघाली की समोरून येणारे रस्ता ओलांडायचे. पेट्रोल पंपापाशी बसणाऱ्या पोरापोरींनी एकदा तिच्या अंगावर करी सॉस घातलेल्या चिप्सचा पुडा फेकला. त्या वासाने तिला घरी जाऊन उलटी झाली. हे तिने मला फोनवर सांगितलं ते कोट कसा धुवायचा हे विचारायला. हळदीचे डाग तुम्हा लोकांना काढता येत असतील, असं तिला वाटलं होतं. मी उन्हात टाक म्हटलं. ऊन कुठलं, असं म्हणून तिने फोन ठेवला.

तिचे वडील त्याच काळात तिकडे वारले. तिने अंत्यविधी फोनवर पाहिला. भावाने फोन धरला होता, तो रडत होता, त्यामुळे तिला बहुतेक वेळ जमीनच दिसली.

आजार ओसरला, हॉल उघडला. लाओशीने आपला शनिवारचा तास परत मागितला. पण मधल्या काळात वारं फिरलं होतं. आता भीती आजाराची नव्हती, हेरांची होती. टीव्हीवर रोज काहीतरी असायचं. चिनी कॅमेरे, चिनी फोन, विद्यापीठांमधले चिनी वर्ग आणि त्यांना पैसा कोण पुरवतं. कमिटीने तिला बोलावून विचारलं की तुझा वकिलातीशी संबंध काय, पुस्तकं कोण देतं, तिकडच्या सरकारबद्दल मुलांना काय सांगतेस. वर्गातली पानं ती स्वतःच्या प्रिंटरवर छापायची आणि मुलांना ‘मांजर टेबलाखाली आहे’ हे सांगायची. तिने तसं सांगितलं. कमिटीला ते फारच साधं वाटलं, म्हणजे संशयास्पद. तास पिलाटेसच्या व्यायामवर्गाला गेला.

लाओशी नासजवळच्या एका वृद्धाश्रमात कामाला लागली. म्हाताऱ्यांना उठवणं, धुणं, भरवणं. आमची मैत्री खरी तेव्हा झाली. माझी सुट्टी असली की आम्ही कालव्याच्या काठाने चालायचो. ती बरी बोलायची, पण कुणाबद्दल चांगलं बोलायची नाही. माझ्याबद्दलही नाही. तू इंग्रजी फार घाईत बोलतेस, त्यामुळे लोकांना तू खोटारडी वाटत असणार, असं तिने मला एकदा शांतपणे सांगितलं.

आणि मग वारं पुन्हा फिरलं. कधी फिरलं ते सांगता येणार नाही. माझ्या मुलीच्या दप्तराला दात विचकणारी एक चिनी बाहुली लटकायला लागली. तशी तिच्या वर्गातल्या सगळ्यांच्याच दप्तराला होती. पोरं फोनवर चिनी शहरांचे व्हिडिओ बघायची, रात्रीच्या रंगीत इमारती, इमारतीतून आरपार जाणारी रेल्वे. मुलगी मला तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणायची की तिकडे सगळं भविष्यातलं आहे. आयरिश माणसाला व्हिसाशिवाय तिकडे जाता यायला लागलं आणि कारखान्यातले लोक सुट्टीला स्पेनच्या लान्झारोटे बेटाऐवजी शांघायला जाऊन आले. अध्यक्षबाईंनी चिनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि नवऱ्याला घेऊन टूरवर गेल्या.

परत आल्यावर त्यांनी मला फाटकापाशी गाठलं. डोळे चमकत होते. गाड्या सेकंदाला सेकंद वेळेवर, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, संध्याकाळी बाई एकटी कुठेही फिरू शकते. आपल्याला इतकी वर्षं भलतंच काय काय सांगितलं गेलं, म्हणाल्या. कुणी सांगितलं ते त्या म्हणाल्या नाहीत. मग माझ्याकडे बघून, “तुमच्याकडे मात्र अजून...” असं म्हणून त्यांनी लाओशीचा नंबर मागितला. वर्ग परत सुरू करायचा होता.

लाओशीला आनंद झाला. मी तिला आनंदात फारशी पाहिली नव्हती, म्हणून तो मला लगेच ओळखू आला नाही. तिने केस कापले. वृद्धाश्रमातल्या शनिवारच्या पाळ्या बदलून घेतल्या.

कमिटीच्या मीटिंगहून ती परस्पर आमच्याकडे आली. वर्ग शिकवायला आमच्याच किल्डेअर जिल्ह्यातला एक आयरिश तरुण मिळाला होता. चीनमध्ये वर्षभर राहून आला होता, तिथले व्हिडिओ टाकायचा, मुलं त्याच्यावर जीव टाकायची. तो चीन फार छान समजावून सांगतो, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. लाओशीने नववर्षाच्या कार्यक्रमाला डंपलिंग करावीत आणि लागलं तर उच्चारांना मदत करावी.

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“विचारलं, किती माणसांची करायची.”

तिने केली. दोन दिवस राबली. कार्यक्रमाला डब्लिनहून कुठल्याशा मैत्री मंडळाचे दोन चिनी पाहुणे आले होते, सुटाबुटातले, हसतमुख. त्यांनी हॉलला कंदील भेट दिले. तो तरुण रेशमी जाकीट घालून चिनीतून बोलला, लोक हसले, टाळ्या पडल्या. पाहुणे सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. तो देखणा आणि मोकळा होता, त्याच्यात वाईट काही नव्हतं. लाओशी एप्रन घालून टेबलामागे उभी होती. ग्रुप फोटोच्या वेळी पाहुण्यांपैकी मोठा तिच्याजवळ आला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाला. ती बाजूला सरकली, कारण तिच्यामागे बॅनर झाकला जात होता.

नंतर आम्ही दोघी ट्रे घासत होतो. तिने त्या पाहुण्याला विचारलं होतं, मी इतकी वर्षं इथे शिकवत होते, तुमचं मंडळ मला काही मदत करेल का? तो काय म्हणाला, मी विचारलं.

“म्हणाला, आपल्या माणसाने आपलं कौतुक केलं तर त्याला कोण विचारतो?” तिने ट्रे उलटा ठेवला. “बरोबरच बोलला.”

त्याच वर्षी उन्हाळ्यात आम्हा भारतीयांवर हल्ले व्हायला लागले. आधी व्हॉट्सॲपवर कुणाकुणाचे सुजलेले चेहरे, मग बातम्यांत. आमच्यापर्यंत येणार नाही असं वाटत होतं. टाळ्या वाजवणारा रस्ता होता आमचा. एका लख्ख संध्याकाळी नवरा कालव्याकाठून सायकलवर येत होता. पोरांच्या टोळक्याने त्याला खाली पाडलं आणि तो पडल्यावर तोंडावर लाथा घातल्या. घरी जा, असं ओरडत होते. तो घरीच येत होता. गालाचं हाड मोडलं. त्याच्याच हॉस्पिटलात त्याच्याच ज्युनिअरने तपासलं.

अध्यक्षबाई सोडा ब्रेड घेऊन आल्या. गावाला लाज आणली पोरांनी, म्हणाल्या. डोळ्यांत खरं पाणी होतं. मी चहा केला. अर्धा कप झाल्यावर त्या म्हणाल्या, “पण खरं सांगू का, तुम्ही एकदम फार जण आलात. लोक दचकतात.” आणि कपात बघत पुढे म्हणाल्या की चीनमध्ये असं काही होत नाही, तिथे माणूस किती निर्धास्त चालतो. नवरा शेजारच्या खोलीत होता. त्याला ऐकू गेलं. त्याने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लाओशी आली. त्याचा चेहरा तिने जवळ जाऊन नीट पाहिला, फळांची पिशवी ठेवली आणि माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. तिने धीर दिला नाही.

“आता तुमची पाळी,” ती म्हणाली. “कुणाला काही समजावत बसू नकोस. तो डॉक्टर आहे, तुम्ही कर भरता, हे सांगू नकोस. त्यांना ते माहीत असतं.”

मला तिचा राग आला. मी म्हटलं, “तुला बरं वाटतंय का?”

तिने विचार केला. खरंच विचार केला, तेवढा वेळ घेऊन.

“थोडं,” म्हणाली. “इतकी वर्षं मी एकटीच होते.”

मग तिने कपाटातून सुरी काढली आणि सफरचंद कापायला घेतलं. मी तिला जा म्हटलं नाही. का नाही म्हटलं याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. त्या आठवड्यात घरी आलेल्या माणसांत खरं बोललेली ती एकटी होती, एवढंच मला सांगता येतं.

नवऱ्याने लिमरिकला नोकरी घेतली. आता तो गाडीने जातो, आठवड्यातले काही दिवस तिकडेच राहतो आणि पायी कुठेही जात नाही. आम्ही तिकडे जावं असं त्याला वाटतं. मुलगी ऐकायला तयार नाही. ती म्हणते, हे माझं घर आहे. मराठीत म्हणत नाही.

तो तरुण पानगळीच्या आत चीनला गेला. तिकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. लाओशी म्हणाली, तिच्या भावाने तिच्यासाठी तशाच नोकरीची चौकशी केली होती. पालकांना परदेशी चेहरा लागतो, असं उत्तर आलं.

हॉलमधल्या वर्गाला शिकवणारं कुणी उरलं नाही आणि कमिटीने तिला विचारलं. ती हो म्हणाली. मुलांपेक्षा मोठ्यांचाच भरणा होता, तिकडे फिरायला जाऊन आलेल्यांचा आणि जाणार असलेल्यांचा. परवा तिला घरी सोडायचं होतं म्हणून मी लवकर गेले आणि मागच्या खुर्चीवर बसले. अध्यक्षबाई उभ्या होत्या, पहिल्या रांगेत. लाओशीने त्यांना एक शब्द म्हणायला सांगितला होता. त्यांनी म्हटला. चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि त्यांचा सूर चुकला.

“पुन्हा,” लाओशी म्हणाली.

त्यांनी पुन्हा म्हटला. बाकीचे वहीत बघत होते. अध्यक्षबाईंच्या मानेवर लाल चट्टे उठले होते, आयुष्यभर मुलांना उभं करत आलेल्या बाईला स्वतः उभं राहायची सवय नव्हती. मला तो शब्द दुसऱ्यांदाही पहिल्यांदासारखाच ऐकू आला. लाओशीचा चेहरा प्रेमळ होता, आवाज हळू होता.

“पुन्हा,” ती म्हणाली.