टाकीकडे पाठ

एक माणूस पाण्याच्या टाकीवर चढलाय, उडी मारतो म्हणतोय, आणि तुम्ही खाली मान वर करून उभे आहात. तुम्ही तिथं नेमके कशासाठी थांबलेले असता? त्याला वाचवायला, की पडताना बघायला?

रागावू नका. हा प्रश्न मी आधी दुर्गजवळच्या कोहक्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, शेजाऱ्यांना विचारला, तेव्हा तेही रागावले होते. एका काकूंनी तर पुढे आठवडाभर आमच्याकडून विरजण नेलं नाही.

माझे बाबा कारखान्यात कारकून होते आणि संध्याकाळी कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, पाढे लिहिले, पुढे कॉलेजची टिपणंही काढली. त्यामुळे ‘शोषण’ हा शब्द मला ‘शेवगा’च्या आधी वाचता आला असेल. आमच्या पत्रकांत पोलीस कधी एकटा यायचा नाही. त्याच्यापुढे ‘दमनकारी’ हे विशेषण ठरलेलं असायचं, जसं भातापुढे वरण. मी ते वाचून मोठी झाले आणि मला ते पटलेलं होतं.

शिवाय पटायला कारणही होतं. आमच्या भागात गस्तीच्या जीपवर एक हवालदार असायचे. मूळचे गोंदियाकडचे, पोट बेल्टच्या वर, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. आम्ही चार-पाच जण दर रविवारी बाजारात डफली वाजवून पथनाट्य करायचो. विषय होता ठेकेदाराकडच्या कामगारांचे हातमोजे आणि बूट. गर्दी जमायची ती बारा-पंधरा माणसांची, त्यातली निम्मी बोरं विकणाऱ्या बायकांची. तरी हवालदार जीपमधून उतरायचेच.

“कावून वो पोरी, परमिशन घेतली का?”

“हातमोजे मागायला परमिशन लागते का, काका?”

“मोजे माग ना घरी. इथं गर्दी कावून जमवून राहिली?”

“कुठाय गर्दी?”

मग ते आमच्या प्रेक्षकांकडे बघायचे आणि क्षणभर त्यांनाही आमची दया यायची. पण एका रविवारी वर कुणीतरी तक्रार केली असावी, कारण त्यांनी डफली उचलली आणि जीपमध्ये टाकली. डफली अटकेत आणि आम्ही मोकळे. मी त्या रात्री पत्रक लिहिलं: ‘आवाज कैद होत नाही.’ बाबांनी वाचून एवढंच म्हटलं, “पहिली ओळ बरी हाय. पण डफली आणायले गेली होतीस का ठाण्यात?” मी गेले नव्हते. तत्त्वाचा प्रश्न होता.

त्याच्या पुढच्या रविवारी, हिवाळ्यातल्या उन्हात, आम्ही थाळी वाजवून नाटक करायच्या बेतात होतो. तेवढ्यात बारा-पंधरा प्रेक्षकांपैकी सगळेच पळाले. बोरंवाल्यासुद्धा टोपल्या उचलून पळाल्या. शाळेच्या मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर माणूस चढला होता.

तो कोण हे मला गर्दीत शिरल्याबरोबर कळलं. आमच्यासारखाच भंडाऱ्याकडचा, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा. एका खाजगी कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. तापलेलं लोखंड उचलायला हातमोजे मागितले म्हणून ठेकेदाराने त्याचा गेट पास काढून घेतला होता. आमच्या नाटकात ज्याच्याबद्दल बोलायचो तो कामगार हाच होता. टाकीच्या वरच्या कठड्याची एक बाजू गंजून तुटलेली होती आणि तो नेमका त्या बाजूला उभा होता.

“गेट पास आणा, नाहीतर उडी मारतो!” तो वरून ओरडला.

खाली काय झालं असेल? माणसं हसली. कुणी शिट्टी वाजवली. “अरे, मारतोस का उतरतोस, जेवायची वेळ झाली,” असं एकजण म्हणाला. “कूद ना भई!” असं आणखी कुणीतरी, आणि त्याच्या आजूबाजूचे टाळ्या वाजवायला लागले. क्वार्टरांच्या छतांवर बायका-पोरं उभी होती. बोरांना पहिल्यांदाच एवढं गिऱ्हाईक मिळालं होतं.

गस्तीची जीप आली. हवालदारांनी वायरलेसवर ठाण्याला कळवलं, एका शिपायाला शिडीच्या पायथ्याशी उभं केलं आणि काठी उगारून गर्दी मागे रेटायला लागले. पण ती गर्दी पाण्यासारखी होती. इकडून हटवली की तिकडून भरायची.

दुर्गच्या पोलीस लाइनीतून खास तुकडी आली तेव्हा मी मनातल्या मनात पत्रक लिहायला सुरुवात केलेली होती. आता दोर टाकतील, ओढतील, बडवतील. तुकडीचा साहेब तरुण होता. उतरल्यावर त्याने पहिलं काय केलं, तर टोपी काढून जीपमध्ये ठेवली. माणसांना दोर आणि जाळं टाकीच्या मागच्या बाजूने न्यायला लावलं, जिथून वरच्याला ते दिसणार नाही. फायर ब्रिगेडच्या गाडीला घंटा बंद करून लांब थांबायला सांगितलं. मग तो म्हणाला, “ऊपर से बात सिर्फ एक आदमी करेगा. बाकी सब चुप.”

सब चुप! आणि इकडे पाचशे तोंडं उघडी.

तो वर बघून काहीतरी बोलला. वरच्याला ते ऐकूच गेलं नाही. त्याला फक्त ‘कूद’ ऐकू येत होतं.

मग त्या माणसाची बायको आली. हाताला पीठ तसंच. तिने वर बघितलं आणि कंबरेवर हात ठेवला.

“अजी! उतरता का नाही? भाकर थंडी होऊन राहिली!”

गर्दी खदखदून हसली. ती गर्रकन साहेबाकडे वळली. “साहेब, तो आता नाही उतरत. येवढ्या लोकायसमोर चढला, आता खाली कसा येईन? लई लाजते तो. लग्नात बी मान वर नाही केली. मी कशी दिसतो ते त्याले चौथ्या रोजी समजलं.”

साहेबाला मराठी येत नव्हती. हवालदारांनी हिंदीत सांगितलं, चौथ्या दिवसासकट. साहेब हसला नाही. त्याने गर्दीकडे बघितलं आणि म्हणाला, “मतलब हमारा काम ऊपर नहीं है. नीचे है.”

पण गर्दी हटवायची कशी? लाठीमार केला तर आरडाओरडा होणार, वरचा घाबरणार, आणि कठडा गंजलेला. हवालदार घामाघूम होऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता थाळीही जाते.

ते जीपकडे गेले, सीटखाली हात घातला आणि आमची डफली काढली.

“घे. गर्दी जमवत होतीस ना? जमव. तिकडं, मैदानात.”

“काका, आमच्या नाटकाला बारा माणसं येतात.”

“तेच तर! येवढ्यायले कोन आणनार?”

मी विचार केला. बाबा म्हणायचे, पत्रकाची पहिली ओळ माणसाची कॉलर धरणारी पाहिजे. टाकीवरच्या माणसाला सोडून लोकांनी यावं अशी पहिली ओळ कोणती? मी हवालदारांकडे बघितलं. त्या पोटाकडे, त्या मिशीकडे. आमच्या नाटकात हवालदाराचं काम आमच्यातला एक काडीपैलवान करायचा, आणि शेवटी कामगारांच्या बायका त्याला सुपाने बडवायच्या.

“काका,” मी म्हटलं, “तुम्ही नाटकात काम कराल?”

त्यांचा चेहरा बघायला हवा होता. टाकीवर पाठवलं असतं तर ते हसत गेले असते. “मी? युनिफॉर्मवर? सुपानं?” त्यांनी साहेबाकडे बघितलं. साहेबाने मान हलवली. हवालदारांनी लांब श्वास घेतला आणि म्हणाले, “लोकायची पाठ टाकीकडं पायजे. माहीत हाय ना?”

मला माहीत नव्हतं. मी तेव्हा शिकले.

जीपचा लाउडस्पीकर घेऊन मी ओरडले, “चला मैदानात! खरा हवालदार नाटकात मार खाणार! आज, आत्ता, फुकट!”

आधी लहान पोरं धावली, मग त्यांच्या मागे आया, मग ‘कूद’ म्हणणारे. छतांवरची माणसं खाली उतरली. बोरंवाल्या सगळ्यात पुढे येऊन बसल्या, त्यांना हवालदारांचा जुना हिशेब चुकता करायचा होता. आम्ही टाकीकडे तोंड करून उभे राहिलो आणि लोक आमच्याकडे तोंड करून बसले. टाकी त्यांच्या पाठीमागे. आयुष्यात एवढी गर्दी मी पहिल्यांदा जमवली होती आणि तीही पोलिसांच्या परवानगीने!

नाटक सुरू झालं. कामगार मोजे मागतो. ठेकेदार म्हणतो, हात दिलेत ना देवाने, मोजे कशाला? हवालदार येतो. खरे हवालदार आले तेव्हा एवढ्या शिट्ट्या पडल्या की ते आपलं पहिलं वाक्य विसरले आणि सवयीने म्हणाले, “ए, परमिशन घेतली का?” लोक लोळायला लागले.

आणि मला लोकांच्या डोक्यांवरून दिसलं: तो वळला होता. शिडीवर पाय टाकला होता. त्याच्या वर-खाली कुणी नव्हतं. साहेब पायथ्याशी मातीत मांडी घालून बसला होता, वर न बघता काहीतरी बोलत होता, गावात पारावर बोलावं तसं.

मला ओरडावंसं वाटलं. पण एकाने जरी मान वळवली असती तर पाचशे माना वळल्या असत्या. मी डफली बडवत राहिले आणि चेहरा दगडाचा केला.

सुपाचा मार झाला. फार मोठा हशा झाला. आणि शिडीच्या मध्यावर तो थांबला. त्याला वाटलं असणार, आपल्यालाच हसतायत. एक पाय पुन्हा वर गेला.

नाटक तर संपत आलं होतं. शेवटचा प्रश्न उरला होता, तो मी हवालदारांना विचारायचा: “तुझ्या पायातले हे बूट कोणी दिले?” त्याने “सरकारने” म्हणायचं आणि आम्ही म्हणायचं, मग आम्हाला कोण देणार? तिथे पडदा.

मी विचारलं. हवालदारांचेही डोळे टाकीकडे होते. त्यांनी थांबलेला पाय बघितला. ते “सरकारने” म्हणाले नाहीत. ते खाली बसले, मोठ्या सावकाशीने लेस सोडली, बूट काढला आणि लोकांसमोर उलटा धरला. तळव्याला भलंमोठं भोक. त्यातून त्यांनी बोट बाहेर काढून हलवलं.

“कोन देते वो बूट? अर्ज करून थकलो! माहे बी हेच हाल हाय!”

यावेळी लोक हसले नाहीत. मैदान गप्प झालं. मग मागून एक म्हातारे कामगार म्हणाले, “बरोबर हाय, हवालदार साहेब,” आणि कुणी आपली फाटकी चप्पल वर केली, कुणी भाजलेला हात. त्या शांततेत मी बघितलं, शिडीवरचा पाय खाली आला. मग दुसरा. त्याची बायको पायथ्याशी गेली. तिने त्याला काहीतरी सुनावलं असणार, कारण त्याने मान खाली घातली. तुकडीने दोर गुंडाळले. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण कुणी बघितलंच नव्हतं.

मी डफली खाली ठेवली आणि तिथेच बसले. ओढणीने डोळे पुसले.

“आता रडू नोको वो,” हवालदार बूट चढवत पुटपुटले. “आणि हे, सूप जरा हळू मारत जा.”

गेट पास त्याला टाकीवर चढून मिळाला नाही, हे सांगायलाच हवं. तो मिळाला पुढच्या आठवड्यात, जेव्हा त्याच्याबरोबरचे सगळे कामगार मोज्यांशिवाय हात लावणार नाही म्हणून गेटवर बसले. मोजेही मिळाले. बंदोबस्ताला तेच हवालदार होते. आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि डफलीच्या ठेक्यावर त्यांचा फाटका बूट हलत होता. ‘दमनकारी’ हे विशेषण मी पत्रकांतून काढलेलं नाही, ते ज्याने कमावलंय त्याला देतेच. पण आता ते आपोआप लिहिलं जात नाही.

आणि म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. उद्या तुमच्या गल्लीत कुणी असंच वर उभं दिसेल. पोलिसांना कळवा, आणि मग वर बघू नका. शेजारी उभ्या दोघांचे दंड धरा, वळवा, लांब घेऊन जा. चहा पाजा, भांडण काढा, गाणं म्हणा, काय जमेल ते करा. त्या माणसाला कुणाच्या नजरेत न येता खाली उतरू द्या.