काच नसलेला आरसा

रक्तपिशाच्चाच्या सिनेमाचं शूटिंग बघत होते. पिशाच्च आरशात दिसत नाही म्हणे, म्हणून आरशाला काचच नव्हती, नुसती चौकट. अलीकडे नायिका केस विंचरत होती. पलीकडे, तिचं प्रतिबिंब म्हणून, पाच मिनिटांनी धाकटी असलेली तिची जुळी बहीण तस्साच कंगवा फिरवत होती. नायिकेच्या पाठीमागून सुळे लावलेला नट हळूहळू पुढे सरकला. बहिणीला तो दिसत होता, पण पापणीही हलवायची नव्हती. सुळे मानेला टेकणार, तोच ती ओरडली, "ताई, मागं बघ!"

शॉट वाया गेला.

आता रोज वेणी घालताना वाटतं, माझ्यामागचं सगळं या आरशाला दिसत असेल. पण हा काही माझी बहीण नाही.