रिठाची माती कुठे गेली

मी पुरातत्त्वात एम.ए. करते आहे, हे आमच्या घरात कोणी सरळ सांगत नसे. बाबा यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या टेबलाभोवतीच्या मंडळींनी ‘पोरगी नागपूरला मडकी शिकते’ अशी बातमी करून टाकली होती, आणि दुपारच्या चहाला कोणी ना कोणी विचारायचंच, की आमच्या माठाला चीर गेली आहे, मुलगी सुट्टीत कधी येते? आई स्थळं आणणाऱ्यांना “इतिहासातच आहे म्हणा ना” असं सांगून पोह्यांची बशी पुढे करायची. बाबांनी मात्र माझ्याशी साफ करार केला होता. दोन वर्षं दिली. प्रबंधात स्वतःचं असं काही हाती लागलं आणि मार्गदर्शक सर उत्खननावर घेतो म्हणाले, तर पुढे शिक. नाहीतर बी.एड. तो फॉर्म त्यांनी आणूनही ठेवला होता, देवघरातल्या कपाटात. म्हणजे देवही त्यांच्याच बाजूचे.

प्रबंधासाठी मी कळंबजवळचं एक गाव निवडलं. त्यामागे शास्त्रीय कारण काही नव्हतं. कळंबला आत्या राहायची आणि तिच्या हातचं वांग्याचं भरीत मला आवडायचं. सकाळच्या एसटीने गावात जायचं, दिवसभर शिवार पायी तुडवायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचं, असा माझा कार्यक्रम ठरला.

सरांचं पहिल्या वर्गातलं वाक्य मला पाठ होतं : “गावात गेलात की देऊळ विचारू नका, रीठ विचारा.” रीठ म्हणजे उठून गेलेल्या जुन्या गावाची जागा. माणसं शेकडो वर्षं एका ठिकाणी राहिली, की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती असं सगळं थरावर थर साचत जातं आणि पांढुरक्या मातीचं टेकाड तयार होतं. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. मी पहिल्याच दिवशी रीठ विचारलं. लोकांनी नाल्याकडे बोट दाखवलं. तिथे गेले, तर टेकाड नव्हतंच. सपाट जमीन, बाभळी आणि चार शेळ्या. मी वहीत ‘रीठ : नष्ट’ असं लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि डबा खाल्ला. टेकाड काही पाय फुटून जात नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

चौथ्या दिवशी गावाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, कपाशीच्या दोन ओळींमध्ये, मला पहिलं खापर दिसलं. आतून काळंभोर, बाहेरून तांबडं. मग दुसरं, मग ओंजळभर. अशी भांडी विदर्भात अडीच हजार वर्षांपूर्वी वापरात होती, एवढं मी प्रत्येक परीक्षेत न विसरता लिहिलं होतं. नवं स्थळ! कुठल्याही यादीत नसलेलं आणि माझं. मी त्या वावरात एकटीच हसत उभी होते.

“काय सापडलं व? सोनं?”

कापूस वेचणाऱ्या बायांच्या घोळक्यातून वावराची मालकीण माझ्याकडे येत होती. पन्नाशीची, उंच, कमरेला कापसाने फुगलेलं फडकं. मी तिला काकू म्हणू लागले आणि ती मला मॅडम म्हणू लागली, पण मॅडम म्हणताना तिला दर वेळी हसू यायचं.

“खापरं आहेत काकू. फार जुनी.”

“खापरंच पायजे होती तं मले सांगाचं. माह्या घरी रोज एक फुटते.”

दुसऱ्या दिवशी तिने मलाही कमरेला फडकं बांधून दिलं. बाया कापूस वेचायच्या, मी खापरं. संध्याकाळी कापूस काट्यावर चढला की एखादी म्हणायची, मॅडमचं बी मोजा, आज पयला नंबर तिचाच. मला राग यायचा आणि मजाही वाटायची.

ती कापसाची वाईट वर्षं होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि गावोगाव जीपगाड्या फिरायच्या. म्हणूनच काकूने पहिल्या दिवशी मला विचारलं होतं, कोणत्या च्यानलची? तिच्या दारातही दोन जीपा येऊन गेल्या होत्या.

“इचारलं, घरधनी हायेत का? मी मनलं, हायेत. वणीले कोळशाच्या टरकवर हायेत, दिवाळीले येतात. तं थो मानूस मंग कॅमेरा बंद करून पानीबी न पेता गेला. जसं काई मीच त्याले फसवलं.”

बाया खदखदून हसल्या, मीही हसले. ती मात्र हसली नाही, हे मला बसमध्ये बसल्यावर आठवलं.

कळंबच्या एसटीडी बूथवरून मी सरांना फोन केला. सर कमी बोलायचे. “पुढच्या गुरुवारी स्वतः येतो,” एवढंच म्हणाले. माझ्या दृष्टीने ते ढोल वाजल्यासारखं होतं. काकूला मी सगळं सांगितलं : करार, कपाट, फॉर्म.

“मास्तरीन होनं वाईट हाय काय व?”

“वाईट नाही. पण मला नाही व्हायचं.”

“मंग नोको होऊ,” ती म्हणाली. माझ्या आयुष्यात एवढ्या झटपट माझ्या बाजूने कोणी बोललं नव्हतं.

बुधवारी मी वावरात सुतळ्या बांधून चौकोन आखले. सरांपुढे बोलायची तालीम म्हणून बायांना बांधावर बसवलं आणि भाषणच ठोकलं. इथे वस्ती होती. या बाजूला घरं असावीत. इथे राख जास्त आहे, म्हणजे इथे चुली. बाया एकमेकींना कोपरं मारत होत्या. शेवटी काकू म्हणाली,

“इथं कोनीच राह्यलं नाई बाई. ही माती आमी आनली.”

“कुठून?”

“रिठावरून. पांढरी माती वावराले चांगली असते. सारं गाव नेत होतं. एका साली खत आनाचं आमच्यानं झालं नाई, तं उनाळाभर हे खनत होते अन् मी बैलबंडी हाकत होती. वरची माती मोठ्या वावरवाल्यांनी कवाच नेली होती. आमच्या वाट्याले पार तळची आली.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू इचारलंच नाई. तू मले खापरं इचारली, माती कुठं इचारली?”

मी बांधावरच बसले. पंधरा दिवस मी त्या बाईच्या वावरात हिंडले, तिच्या भाकरी खाल्ल्या, आणि तिच्या जमिनीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. जीपवाले निदान दारात उभं राहून विचारून तरी गेले. रात्री आत्याचं भरीत मी ताटात तसंच ठेवलं. सरांना फोन करावा असं मनात आलं, आणि करू नये असंही. खरं सांगते, करू नये हेच जास्त वेळा आलं.

गुरुवारी सर आले. गुडघे दुखत असूनही वावरात उकिडवे बसले, एक खापर थुंकी लावून पुसलं, उन्हात धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो दोन वर्षांत कधी दिसला नव्हता. मग त्यांनी मान वर करून काकूला विचारलं,

“ही माती इथलीच ना, बाई?”

काकूने माझ्याकडे एकदा पाहिलं. “इथलीच. माह्या आजेसासऱ्यापासून.”

डोळ्याची पापणीही लवली नाही तिची. वेचणाऱ्या बायाही अचानक फार मन लावून कापूस वेचू लागल्या. सगळं जमून आलं होतं. मी गप्प राहिले असते तर स्थळाला यादीत माझ्या नावाने नंबर मिळाला असता आणि बाबांच्या फॉर्मला वाळवी. पण ती बाई माझ्यासाठी खोटं बोलली होती, आणि तेही स्वतःच्या नवऱ्याने उन्हाळाभर उपसलेली माती नाकारून. ते मला सहन झालं नाही.

“सर, ही माती रिठावरची आहे. यांनी बंडीने आणली.”

“घ्या!” काकू कडाडली. “मी खोटं बोलली, अन् हे पोट्टी मलेच तोंडावर पाडून राह्यली!”

हसण्यासाठी अजिबात प्रसिद्ध नसलेले सर हसले. मग खापर खाली ठेवून म्हणाले, “म्हणजे स्थळ नाही.” “नाही,” मी म्हणाले. देवघरातल्या कपाटाची कडी उघडल्याचा आवाज मला त्या वावरातच ऐकू आला. ते उठले, गुडघे चोळले आणि काकूलाच विचारलं, “बाकीची माती कुठे कुठे गेली, बाई?”

“कोनाकोनाच्या वावरात गेली थे मी सांगतो ना. पयले कोनी नेली, मांगून कोनी नेली, सारं सांगतो.”

तो माझा प्रबंध झाला. पुढचे दोन महिने मी घरोघर बसले आणि प्रत्येकाला मातीचं विचारलं. किती बंड्या, कुठल्या बाजूने, कोणत्या साली. आकड्यातलं साल कोणी सांगत नसे. बोंडअळीनं कापूस खाल्ला ते साल, पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही ते साल, जिनिंगवर गाड्या आठवडाभर उभ्या राहिल्या ते साल. मग मी त्या त्या वावरातली खापरं मांडली. ज्यांनी चांगल्या दिवसांत माती नेली त्यांच्या वावरात वरच्या थराची, अलीकडची खापरं निघाली. जसजशी वर्षं वाईट होत गेली तसतसं गाव खाली खणत गेलं, आणि सगळ्यात जुनी भांडी सगळ्यात उशिरा नेलेल्या मातीत मिळाली. गेलेलं टेकाड मला कागदावर पुन्हा रचता आलं, तळापासून वरपर्यंत. तळाशी काकूचं वावर.

सरांनी उत्खननावर घेतलं. बाबांनी फॉर्म टाकून दिला नाही, त्यांना सरकारी कागद टाकवत नाही. पण कचेरीत माठाचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले म्हणे, की तिला माठ दाखवू नका, ती आधी माती कुणी आणली ते विचारेल.

बांधून आलेला प्रबंध घेऊन मी गावात गेले. काकूला वाचता येत नव्हतं, म्हणून नकाशा दाखवला. हे रीठ, हा नाला, हे तुमचं वावर. मग शेवटचा तक्ता उघडला आणि बोट ठेवून वाचून दाखवलं : सर्वांत खालचा थर. खणणारे, आणि पुढे तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव. बंडी हाकणारी, आणि पुढे तिचं.

तिने त्या ओळीवर बोट फिरवलं. मॅडम म्हणाली नाही, हसलीही नाही.

“म्हंजे जित्या मानसाचंबी लिवते कोनी,” ती म्हणाली.

मग तो प्रबंध तिने मला परत दिलाच नाही. नवऱ्याकडे वणीला जाणाऱ्या लाडवांच्या डब्याबरोबर पिशवीत घालून टाकला.