मोटारीचं हळदीकुंकू

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी. मला माहेरी न्यायला भाऊ राणीसावरगावहून बैलगाडी घेऊन सोनपेठला आला, तर सासऱ्यांनी त्याला चहा पाजून रिकामा परत धाडला. "आमची सून बैलगाडीत जाईल? दारात मोटार हाय की! भाऊबीजंला आमीच आणून सोडतो." भावाचं तोंड एवढंसं झालं. मी दाराआडून बघत होते. असा राग आला म्हणता!

आणि मोटार तरी कसली! निजामाचं राज्य गेलं, तसा एक साहेब हैदराबादला निघाला आणि जाता जाता हे धूड सासऱ्यांच्या गळ्यात मारून गेला. पण मिरवणं असं, की जणू विमानच.

भाऊबीजेच्या सकाळी नवं लुगडं नेसून मी मागं बसले. वेशीबाहेर ओढ्याचा चढ लागला आणि मोटार खोकायला लागली. फट्, फुस्, फट्. हिव भरल्यासारखी थडथडली आणि चढ काही चढेना. तशीच खोकत घरी आणली.

मग काय, सगळेच डॉक्टर झाले. सासरे म्हणाले, "पेट्रोलात रॉकेल कालवलंय, दुसरं काय!" आमचे हे चार महिन्यांपूर्वी गाडी चालवायला शिकलेले, म्हणजे सगळंच येतं असा यांचा समज. पण त्या दिवशी बरोबर केलं, खोटं कशाला बोलू? इंजिन चालू ठेवून चारी प्लगच्या वायरी एकेक करून काढून बघितल्या. वायर काढली की आवाज पडायचा. पुढच्या प्लगची काढली, तर काही फरकच नाही.

"तिघं राबायलेत, ह्यो एकटा झोपलाय," हे म्हणाले. तो प्लग काढला, धोतराच्या सोग्यानं स्वच्छ पुसला, परत बसवला. मोटार मांजरीसारखी गुरगुरायला लागली.

तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन आल्या. "बंद करा आधी. हळदकुंकू लावल्याबिगर जाऊ नगा." वाकून त्यांनी त्याच पुढच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर ओली हळद आणि कुंकू चांगलं थापलं, हात जोडले. सकाळी निघतानाही हेच झालं होतं. आम्ही निघालो. ओढा आला. फट्, फुस्!

परत घरी, परत तोच प्लग, परत पुसणं. कुंकू सगळ्यांना दिसत होतं, पण कुंकवावर संशय घेणार कोण? ऊन डोक्यावर आलं. भाऊ ओवाळल्याशिवाय जेवायचा नाही, उपाशी बसला असणार. "एस्टीनं जाते," म्हटलं, तर सासऱ्यांनी असं बघितलं की बस्स. आणि सासूबाई पुन्हा ताट घेऊन हजर!

माझा तोल सुटला. "आत्याबाई, राहू द्या! पुसलं की चालते, लावलं की बंद पडते. तुमची पूजाच मला माहेरी जाऊ देईना!"

नव्या सुनेचं हे तोंड! यांनी हळूच मान हलवली. "खरं हाय, आई. ओल्या कुंकवातनं वीज खालच्या खाली पळायलीय, ठिणगी पडणार कुठून?"

सासूबाईंनी ताट आत नेऊन ठेवलं, बाहेर आल्या आणि कुणाला न विचारता मोटारीत चढल्या. "सरक," मला म्हणाल्या.

मोटार चढ चढून गेली. बाहेर बघतच त्या म्हणाल्या, "मला भाऊ न्हाई. दर साली चंद्राला ओवाळते. आन तुझा वाट बघायलाय तर मीच आडवी आले." माझा सकाळपासूनचा राग कुठल्या कुठं गेला.

माहेरी पोचलो, तर भाऊ रुसून आतच बसला होता. सासूबाई सरळ आत गेल्या. "बाबा, उशीर माझ्यापायी झाला. हिच्यावर रुसू नगो. बस पाटावर."

मी ओवाळलं. तो उठायला लागला, तर त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं. "बस जरा. मीबी ओवाळते."

भाऊ त्यांच्या पायावर वाकला आणि म्हणाला, "आक्का, आता जेवूनच जायचं."

आजवर त्यांना कुणी आक्का म्हटलं नव्हतं. एवढी करारी बाई, ताट हातात तसंच धरून ढसाढसा रडली.