रस्त्याच्या आधीचा माणूस

दुबईतल्या अल क्वोजचे नाव कुठे कानावर पडले की ते प्रकरण अजूनही माझ्यासमोर उभे राहते. नोकरीत मी आरोपी पुष्कळ शोधले. मयत शोधायला, आणि तोही जिवंत, एकदाच गेलो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी बदली वसईकडच्या एका ठाण्यात झाली. पदभार घेताना जुन्या प्रकरणांत खुनाचा एक खटला समोर आला. दोन सख्खे भाऊ, ख्रिस्ती कुटुंब, केळीची आणि फुलांची वाडी. वाटणीवरून दोघांचे भांडण झाले, ते साऱ्या आळीने ऐकले. दुसऱ्या दिवसापासून थोरला दिसेनासा झाला. काही आठवड्यांनी खाडीत एक प्रेत सापडले. चेहरा उरला नव्हता, हातही माशांनी खाल्ले होते. आईने अंगावरचा शर्ट ओळखला. त्यावर धाकट्याला अटक झाली, दोषारोपपत्र गेले आणि तो कच्चा कैदी म्हणून तुरुंगात पडला. माझ्याकडे प्रकरण आले तेव्हा ती आई वारली होती आणि खटला वर्षानुवर्षे तारखांवर रेंगाळत होता.

एके दुपारी पासपोर्टच्या चौकशीसाठी एक बाई ठाण्यात आल्या. दुबईत एका हॉटेलात हाऊसकीपिंगचे काम करायच्या, सुट्टीवर आल्या होत्या. काम झाले तरी उठेनात. चहा मागवला तेव्हा म्हणाल्या, “साहेब, आमच्या आळीतला तो, ज्याचा खून झाला म्हणतात, त्याला मी पाहिलाय.”

“कुठे?”

“दुबईत. शुक्रवारच्या मिस्साला, चर्चच्या आवारात. मी हाक मारली तर तोंड फिरवून निघून गेला. पण डाव्या हाताचा अंगठा अर्धा आहे त्याचा. लहानपणी कोयता लागला होता, तेव्हा मी तिथेच होते. त्याच्या सोबतच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, अल क्वोजला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आहे.”

अशा खबरा आम्ही रोज ऐकतो. खबर खरी की खोटी हे शब्दांवरून कळत नाही, सांगणाऱ्याला त्यातून काय मिळते यावरून थोडेफार कळते. या बाईंना त्रासाशिवाय काही मिळणार नव्हते.

तुरुंगात जाऊन मी धाकट्याला भेटलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाला, “मी मारलं नाही हे पहिल्या दिवसापासून सांगतोय. आता तो जिवंत आहे हेही मीच सिद्ध करू का, साहेब?”

रीतसर पत्रव्यवहार सुरू केला. टपाल या कार्यालयातून त्या कार्यालयात गेले आणि तिथेच बसले. माझी धाकटी बहीण दुबईला अल कुसैसमध्ये राहत होती. वरिष्ठांना ते माहीत होते. एक दिवस ते म्हणाले, “रजा घे, बहिणीकडे जाऊन ये. माणूस आहे की नाही एवढंच बघ. मात्र लक्षात ठेव, तिथे तू पोलीस नाहीस.”

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी भावजींनी गाडी काढली. निघताना भाची म्हणाली, “व्हाय अल क्वोज, मामा? देअर्स नथिंग देअर.” बहीण तिला मराठीत बोल म्हणून दटावत राहिली आणि आम्ही निघालो.

भाची म्हणाली तसे मुळीच नव्हते. गोदामांमागे गोदामे, गॅरेज, सिमेंटचे ब्लॉक पाडणारे कारखाने, मध्येच कामगारांच्या राहण्याच्या लांबलचक इमारती. गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. काही गल्ल्यांना डांबर होते, काहींत अजून वाळूच होती. उन्हात चार-पाच शेडवर विचारले. फॅब्रिकेशन म्हटले की प्रत्येक जण वेगळ्या दिशेला हात करायचा. भावजी कंटाळले. मीही थकलो होतो. खोट्या खबरेमागे एवढ्या लांब आलो, असे वाटू लागले होते.

शेवटी चहासाठी एका मलबारी कॅफेटेरियात शिरलो. मालकाला विचारले, “इधर कोई है, जिसका अंगूठा कटा हुआ है?”

तो हसला. “वो तो इधर का सबसे पुराना आदमी है. रोड से पहले का.” आणि त्याने समोरचीच शेड दाखवली.

थोरला शेडच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. केस पांढरे झाले होते, पण फायलीतल्या फोटोतले कान आणि हनुवटी तीच होती. मी मराठीत नाव घेतले. त्याने हिंदीत उत्तर दिले, “गलत आदमी. मेरा नाम दूसरा है.” पाकीट काढून कार्डही दाखवले. फोटो त्याचा, नाव दुसऱ्याचे.

मी वाद घातला नाही. चौकशीत माणसाला खोटे बोलू द्यावे, थांबवले की तो सावध होतो. मी विचारले, इथे कधीपासून? तो मोकळा झाला. आला तेव्हा इथे वाळूच होती म्हणाला. शेडसाठी चार खांब उभे केले, तर वाऱ्याने सकाळी दारासमोर टेकडी केलेली असायची. आधी फावडे, मग वेल्डिंग. वीज जनरेटरची, पाणी टँकरचे. टँकरवाला एक खान होता. तो आला नाही तर अंघोळ नाही. पहिली टपरी निघाली तेव्हा सगळ्यांनी मिळून तिचे छप्पर घातले. मग एक शेड, दुसरी शेड, दिव्यांचे खांब, रस्ता. बोलताना तो समोरच्या गल्लीकडे असा पाहत होता, जशी आमच्याकडे माणसे आपल्या वाडीकडे पाहतात.

मी ऐकून घेतले आणि उठता उठता मराठीत म्हणालो, “तुझी आई गेली. धाकट्याला कोर्टाच्या परवानगीने मातीला आणलं होतं, बेड्या घालून.”

तो उठला, पुन्हा बसला. मग म्हणाला, “कधी?”

मराठीत म्हणाला. चौकशी तिथेच संपली.

“भाऊ आत आहे हे माहीत होतं तुला?”

“होतं. पहिल्याच वर्षी कळलं. गावाकडचा एक जण भेटला, त्याने सांगितलं.”

“मग?”

“वाटलं, ते प्रेत माझं नाही हे कळेलच पोलिसांना. शिवाय राग होता. दोन महिने बसू दे आत, असं वाटलं. मग वर्ष गेलं, आणि नंतर सांगायची लाज वाटायला लागली. पासपोर्ट दुसऱ्याचा होता. एजंटने फोटो बदलून दिला होता. सांगितलं असतं तर हे सगळं गेलं असतं.” त्याने हाताने शेड दाखवली. “तिकडे आई सगळं धरून आहे असं वाटत होतं. ती असेपर्यंत घर आहे, असं.”

माझ्याकडे वॉरंट नव्हते. अटक करण्याचा अधिकार नव्हता. तिथल्या पोलिसांना कळवले असते तर तो पासपोर्टच्या गुन्ह्यात अडकला असता आणि धाकट्याचा खटला आणखी मागे पडला असता. मी त्याला एवढेच सांगितले, “मी पाहिलं असं मी कोर्टात सांगेन. त्यावर तो लगेच सुटेल याची खात्री नाही. तू उभा राहिलास तर सुटेल. तुझ्यावर गुन्हा होईल, शिक्षाही होईल, परत इथे येता येणार नाही. खोटं आश्वासन देत नाही.”

बहिणीचा पत्ता देऊन मी निघालो. परतताना भावजींनी विचारले, “येईल का?” मी म्हणालो, नाही येणार. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माणसांविषयी माझा अंदाज सहसा असाच असायचा.

दोन दिवसांनी सकाळी बहिणीने दार उघडले तर तो उभा. हातात एक बॅग, दाढी केलेली. त्याने चहाही घेतला नाही.

“टँकरवाल्या खानला सांगितलं,” तो म्हणाला. “म्हटलं, जिस नाम से तू बुलाता है, वो मेरा नहीं है. तो म्हणाला, मेरे को नाम से क्या काम, वापस कब आयेगा वो बोल.”

आम्ही भारतीय वाणिज्य वकिलातीत गेलो. त्याने स्वतःच्या नावाने अर्ज दिला. सही करताना हात अडखळला, कारण ती सही त्याने कित्येक वर्षांत केली नव्हती. तिथल्या पोलिसांचे सोपस्कार, दंड, चकरा यांत काही आठवडे गेले. मग एका प्रवासापुरता कागद मिळाला. मी आधीच परतलो होतो. मुंबईला विमानतळावर उतरताच त्याला ताब्यात घेतले.

कोर्टात न्यायाधीशांनी धाकट्याला विचारले, “हा तुमचा भाऊ का?” त्याने थोरल्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, “होय, हाच.” थोरला त्याच्याकडे पाहू शकला नाही. धाकटा सुटला. थोरल्याला पासपोर्टच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. खाडीत सापडलेला तो माणूस कोण होता, हे आम्ही पुन्हा तपासले. आजपर्यंत कळले नाही.

लोक विचारतात, या तपासात तुम्ही काय शिकलात. माणूस मेला हे आम्ही पंचनामा, शर्ट आणि एका म्हाताऱ्या आईच्या शब्दावर ठरवून टाकले होते. तो जिवंत आहे हे ठरवायला मात्र त्याला स्वतःला यावे लागले, आणि येण्यासाठी होते ते सगळे सोडावे लागले. कायद्याचा धाक तिथे उपयोगी पडला नाही. मी फक्त खरे सांगितले आणि वाट पाहिली. पोलिसाला याची सवय नसते. दुसरे असे, की चांगल्या घरातला, कष्टाळू माणूसही रोज थोडे थोडे गप्प राहून केवढा मोठा अन्याय करू शकतो, हे मी या एका माणसात पाहिले. तो मला वाईट कधीच वाटला नाही. ते जास्त त्रासदायक आहे.

बदली होण्याआधी मी एकदा त्यांच्या वाडीवर गेलो. धाकटा एकटाच केळीच्या ओळींतून फिरत होता. थोरला शिक्षा भोगून दुसऱ्या गावी राहायला गेल्याचे कळले होते. मी विचारले, “भावाला माफ केलंस का?”

तो म्हणाला, “साहेब, तो गेला म्हणून मी अडकलो आणि तो आला म्हणून सुटलो. त्याचा हिशेब मला लागत नाही. लाईट जायच्या आत पाणी लावायचंय.” आणि तो मोटर सुरू करायला निघून गेला.